थेंबाचे माप

मंडळी, पिंपातून बाटलीत रॉकेल काढायचे असले म्हणजे घरोघरी काय करीत, ते आठवा. रबरी नळीचे एक टोक पिंपात सोडायचे, दुसरे तोंडात धरायचे आणि ओढायचे. ओढ बेताची बसली तर धार सुरू होते. जरा जास्त झाली की रॉकेल थेट तोंडात. मग थू थू करीत हौदाकडे धाव, आणि दिवसभर ती चव काही केल्या जात नाही.

आता मी सांगतो त्यावर तुमचा पटकन विश्वास बसायचा नाही. हेच काम, असेच तोंडाने, मोठमोठ्या प्रयोगशाळांतून शंभर वर्षांहून अधिक काळ चालले होते. नळी तेवढी काचेची होती, ओढणारी माणसे शिकलेली होती, आणि नळीत रॉकेलाऐवजी कधी रुग्णाचे रक्त असे, तर कधी विषमज्वराचे जंतू. हे कसे सुरू झाले, कसे थांबले आणि थेंबाएवढे माप अचूक घ्यायला माणूस कसा शिकला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आधी थोडे मापाविषयी. १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडचे शेर आणि छटाक हळूहळू गेले आणि लिटर आले. लिटराचा हजारावा भाग म्हणजे मिलिलिटर. औषधाच्या बाटलीवर आपण तो वाचतो. ड्रॉपरने पाणी सोडले तर सुमारे वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. पण हे 'सुमारे' फार फसवे आहे, बरं का. ड्रॉपरचे तोंड रुंद असले की थेंब मोठा पडतो, ड्रॉपर तिरका धरला की निराळा पडतो, आणि पाण्याऐवजी स्पिरिट असले तर थेंब बराच लहान पडतो. म्हणजे थेंब हे काही खरे माप नव्हे. प्रयोगशाळेला याहूनही लहान माप लागते. मिलिलिटराचे पुन्हा हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोलिटर. एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा पाण्याचा ठोकळा कल्पनेत आणा, म्हणजे झाला एक मायक्रोलिटर. मोहरीच्या बारीक दाण्याएवढा. त्याचे वजन एक मिलिग्रॅम. पाण्याच्या मापाचे आणि वजनाचे हे नाते लक्षात ठेवा, पुढे ते कामी येणार आहे.

अचूक मापाची ही गरज पहिल्यांदा डॉक्टरांना भासली नाही. ती भासली कापडवाल्यांना. फ्रान्समध्ये रूआं नावाचे कापडाच्या धंद्याचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे कापड शुभ्र करण्यासाठी क्लोरीनचे पाणी वापरू लागले. पाणी फार जहाल झाले तर कापड विरते, फार सौम्य झाले तर पिवळेच राहते. तेव्हा देक्रवाझील नावाच्या रसायनज्ञाने १७९५ च्या सुमारास खुणा केलेल्या काचेच्या नळीतून निळीच्या द्रावणावर हे पाणी मोजून घालून त्याचा जोर ठरवण्याची युक्ती काढली. पुढे १८२४ साली पॅरिसच्या गे-ल्यूसॅकने याच कामावर लेख लिहिला आणि त्यात दोन नळ्यांना नावे दिली: पिपेट आणि ब्युरेट. आपल्या शाळा-कॉलेजांतली मुले ज्या नावांना अजून घाबरतात, ती ही नावे धोब्याच्या कामातून आली आहेत! जर्मनीच्या मोरने १८५५ च्या आपल्या ग्रंथात या मापनाला चांगली शिस्त लावली. सरळ, खुणांच्या पिपेटला अजून त्याचेच नाव आहे.

रसायनशाळेत पाच-दहा मिलिलिटर पुरतात. जीवशास्त्रात पुरत नाहीत. कारण साधे आहे. माणसाच्या बोटाला सुई टोचून रक्त काढले तर किती निघणार? दोन-चार थेंब. त्यातच सारे काम भागवायचे. १८५२ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या फीरॉर्ट या शरीरशास्त्रज्ञाने रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या. केसासारख्या बारीक नळीत रक्त घेऊन, ते काचेवर पसरून, एकेक पेशी मोजायची. एका मोजणीला तासन्‌तास लागत. मग पॅरिसच्या पोताँने १८६७ साली एक सुंदर नळी केली. बारीक नळी, तिच्या मधोमध एक फुगा आणि फुग्यात एक मणी. अर्ध्याच्या खुणेपर्यंत रक्त ओढायचे, मग १०१ च्या खुणेपर्यंत पातळ करणारे द्रावण ओढायचे, नळी हलवायची. मणी आत खुळखुळतो आणि रक्त दोनशे पट पातळ होते. तिच्या सुधारलेल्या नमुन्यात तांबड्या पेशींच्या नळीत तांबडा मणी असतो, पांढऱ्या पेशींच्या नळीत पांढरा. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यांत रक्त तपासणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या दोन मण्यांवर शिकल्या.

पण ओढायचे कशाने? तोंडाने. नळीच्या मागे हातभर रबरी नळी, तिच्या टोकाला दातांत धरायची चिमुकली तोटी, आणि छातीचा श्वास आवरून गालाने ओढायचे.

याच घराण्यातली दुसरी नळी म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन मोजण्याची. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे साहली नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते, त्यांच्या नावाची ही पद्धत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ती फार वर्षे चालली. तुमच्यापैकी पुष्कळांचे रक्त तिनेच तपासले गेले असेल. खुणांच्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त सोडायचे, मिश्रण तपकिरी होऊ द्यायचे, मग थेंबथेंब पाणी घालून त्याचा रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा आणि आकडा वाचायचा. सोपे दिसते ना? पण सारी मदार त्या वीस मायक्रोलिटरांवर. समजा, ओढताना रक्त खुणेच्या किंचित वर गेले, किंवा नळीच्या बाहेरच्या अंगाला लागलेले रक्त पुसायचे राहिले, आणि विसाऐवजी बावीस मायक्रोलिटर पडले. दोन मायक्रोलिटर! डोळ्याला दिसणारही नाही. पण मग दहा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईचा आकडा अकरा येतो. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले तर तिला रक्तक्षय आहे असे धरतात. म्हणजे जिला लोहाच्या गोळ्या मिळायला हव्यात, ती 'सगळं ठीक आहे' हे ऐकून घरी जाते. नळी पुसायला कापसाचा एक बोळा लागतो, आणि तो फिरवायचा राहिल्याने एवढे घडू शकते.

दूध घालणाऱ्यांनाही हा अनुभव असेल. दुधातले फॅट काढण्याची गर्बर पद्धत १८९० नंतर स्वित्झर्लंडमध्येच निघाली आणि आपल्या दूध संस्थांत वर्षानुवर्षे वापरली गेली. तिच्यात दूध घ्यायचे ते १०.७५ मिलिलिटर. पिपेटमध्ये अर्धा मिलिलिटर दूध कमी आले तर सहा फॅटचे दूध पाच पूर्णांक सातच्या आसपास दिसते, आणि भाव तर फॅटवर ठरायचा. त्यात लबाडी असतेच असे नाही. दुधाच्या फेसावर खूण वाचली, तरी असे होते.

या गर्बरच्या चाचणीत एक गंमत आहे. गंमत म्हणू नये, पण विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तिच्यात दुधाबरोबर दहा मिलिलिटर जहाल गंधकाम्ल घालावे लागते. दूध तोंडाने ओढीत. गंधकाम्ल मात्र कोणी तोंडाने ओढायला गेले नाही. त्यासाठी नुसती कलती केली की नेमके दहा मिलिलिटर ओतणारी बाटली केली होती. का? कारण आम्ल ताबडतोब भाजते. जंतूंचे तसे नाही. विषमज्वराचे जंतू तोंडात गेले तर जिभेला काही कळत नाही. ताप चढतो तो आठ-पंधरा दिवसांनी. तोवर ती नळी, ती सकाळ, तो चुकलेला श्वास माणूस विसरून गेलेला असतो. माझ्या मते तोंडाने ओढण्याची रीत इतकी वर्षे टिकली, ती या उशिरामुळे.

तसे नोंदलेले दाखले होते. तोंडाने पिपेट ओढताना रोग झाल्याची जुन्यात जुनी नोंद १८९३ ची आहे. एका डॉक्टराच्या तोंडात विषमज्वराच्या जंतूंचे द्रावण गेले आणि त्याला तोच ताप आला. पुढे अशा नोंदी वाढतच गेल्या. अमेरिकेतल्या पाइक नावाच्या संशोधकाने १९७६ साली प्रयोगशाळेत लागण झालेल्या ३९२१ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ज्या लागणींचे मूळ एखाद्या ठरावीक अपघातात सापडले, त्यांतल्या शेकडा तेरा तोंडाने पिपेट ओढण्यामुळे झाल्या होत्या.

मग लोक शहाणे कसे झाले नाहीत? झाले नाहीत, कारण ही एक कला होती आणि कलावंताला आपल्या कलेचा अभिमान असतो. नळीच्या मागच्या टोकात कापसाचा बोळा घालायचा, द्रव खुणेच्या किंचित वर ओढायचा, चटकन तोंड काढून तर्जनी टेकवायची. अंगठा नाही, तर्जनीच. अंगठ्याला ती नजाकत नसते. बोट फार ओले नको, फार कोरडे नको. मग बोट केसभर सैल करून पाणी खुणेवर उतरवायचे. नळीत पाण्याचा माथा सपाट नसतो, मध्ये खोलगट असतो. त्या खोलगटाचा तळ खुणेला टेकला पाहिजे आणि डोळा त्याच उंचीवर हवा. वरून पाहिले तर एक आकडा, खालून पाहिले तर दुसरा. जुन्या शिक्षकांचे विद्यार्थी हे महिना महिना गिरवीत. जो हे न सांडता करी, त्याला रबराचा फुगा लावून ओढायला सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला भोपळा बांधायला सांगण्यासारखे वाटे. फुगे होते, पण बारीक मापाला ते बोजड पडत.

आता जर्मनीतल्या मारबुर्ग या लहानशा विद्यापीठाच्या गावी चला. १९५६-५७ चा सुमार. तिथल्या शरीर-रसायनशास्त्राच्या संस्थेत हाइनरिख श्निटगर नावाचा एक तरुण डॉक्टर कामाला आला. संस्थेचे प्रमुख होते थेओडोर ब्यूखर. श्निटगरला काम मिळाले ते पेशींतली रसायने वेगळी करण्याचे. या कामात एका उभ्या नळीतून गळणारे पाणी शेकडो लहान लहान नळ्यांत जमा होते, आणि त्या प्रत्येकीतून काही मायक्रोलिटर काढून तपासावे लागतात. इतर सगळे जण बारीक काचनळी तोंडात धरून निमूटपणे ते करीत होते. श्निटगर कंटाळला. जंतूंची भीती हे कारण नव्हते. साधा कंटाळा हे कारण होते. तो काही दिवस प्रयोगशाळेतून दिसेनासा झाला, आणि परत आला तो हातात एक यंत्र घेऊन.

इंजेक्शनच्या पिचकारीचे ते रूपांतर होते. दांडा किती मागे येईल हे ठरवणारी अडसर, दांडा आपोआप मागे आणणारी स्प्रिंग, आणि सुईच्या जागी प्लास्टिकचे निमुळते टोक. अंगठ्याने दाबायचे, टोक द्रवात बुडवायचे, अंगठा सोडायचा. ठरले तेवढेच आत येते. यात खरी अक्कल दोन ठिकाणी आहे. पहिली अशी की दांडा आणि द्रव यांच्यामध्ये थोडी हवा राहते. द्रव फक्त टोकात चढतो, यंत्राला शिवत नाही. म्हणून एका रुग्णाचे रक्त घेतले की टोक काढून टाकायचे, दुसरे लावायचे. धुणे नाही, वाळवणे नाही, एकाचे दुसऱ्यात मिसळणे नाही. दुसरी अक्कल दुसऱ्या स्प्रिंगमध्ये. द्रव सोडताना शेवटचा एखादा थेंब टोकाला चिकटून राहतोच. अंगठा पहिल्या थांब्याच्या पुढे आणखी जरा दाबला की हवेचा जास्तीचा झोत येऊन तोही थेंब बाहेर पडतो.

ब्यूखर यांची मला यात मोठी वाखाणणी करावीशी वाटते. नेमून दिलेले काम टाकून खेळणी करणारा सहायक म्हणून त्यांनी त्याला रागे भरले नाही. उलट संस्थेच्या कारखान्यात बसून हे यंत्र सुधारण्याचे काम त्याला दिले. १९५७ साली पेटंटासाठी अर्ज गेला, १९६१ साली पेटंट मिळाले. हॅम्बुर्गच्या एपेनडॉर्फ कंपनीने हक्क घेऊन 'मारबुर्ग पिपेट' या नावाने ते विकायला काढले. श्निटगरला मात्र त्याचा जगभर झालेला प्रसार पाहायला मिळाला नाही. १९६४ साली बव्हेरियातल्या एका तळ्यात पोहताना तो बुडून वारला. वय चाळिशीच्या आतले. आज जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत गेलात तर त्याने काढलेले यंत्र टेबलावर दिसेल. त्याचे नाव मात्र तिथल्या बहुतेकांना सांगता यायचे नाही.

मारबुर्गच्या पिपेटला एकच माप असे; वीसची निराळी, पन्नासची निराळी. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत विस्कॉन्सिन संस्थानात वॉरन गिल्सन यांनी फिरवून माप बदलता येईल अशी पिपेट काढली. तिच्या अंगावर आकड्यांची छोटी खिडकी असते, आपल्या सायकलीच्या साखळीकुलपासारखी. तरीही जुनी सवय एका रात्रीत गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेची पुस्तिका काढली, तेव्हाही तोंडाने ओढू नका हे तिला स्पष्ट बजावावे लागले.

यंत्र आले म्हणून शिकणे संपले का? छे! नवा मुलगा पहिल्यांदा पिपेट हातात धरतो तेव्हा हमखास अंगठा एकदम सोडून देतो. द्रव उसळतो, बुडबुडा आत शिरतो, माप कमी येते. टोक फार खोल बुडवले तर बाहेरच्या अंगाला जास्तीचे चिकटून येते. साहलीच्या नळीचे रक्त पुसायचे राहावे, तसेच. टोक उभे धरायचे, दोन-तीन मिलिमीटरच बुडवायचे, अंगठा सावकाश सोडायचा, क्षणभर थांबायचे, आणि सोडताना टोक भांड्याच्या भिंतीला टेकवायचे. हातात फार वेळ धरून ठेवले तर तळव्याच्या उबेने आतली हवा फुगते आणि मापात फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या एखाद्या प्रयोगशाळेत हे किती जपावे लागत असेल, याची कल्पना करा.

आणि चूक एकटी राहत नाही. पाण्यातले जंतू मोजताना नमुना दहापट, पुन्हा दहापट, असा सहा वेळा पातळ करतात. नऊ मिलिलिटर पाण्यात एक मिलिलिटर नमुना, असे सहा वेळा. दर वेळी एकाऐवजी १.१ मिलिलिटर पडला तर शेवटी जंतू दीडपटीहूनही जास्त दिसतात. व्याजावर व्याज चढावे तसे हे चढते.

म्हणून शिकवणारे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी रक्त देत नाहीत, पाणी देतात आणि एक नाजूक तराजू देतात. शंभर मायक्रोलिटर पाणी तराजूवर सोड, वजन लिही. असे दहा वेळा कर. मघाशी सांगितलेले नाते इथे उपयोगी पडते. आकडा शंभर मिलिग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवा. दहाही आकडे ९४-९५ आले तर हात चांगला आहे, यंत्र बिघडले आहे; शिंप्याची टेपच आखूड असावी तसे. आकडे कधी ९०, कधी १०८ असे आले तर बहुधा टेप बरी आहे, शिंप्याचा हात हलतो आहे. पहिल्याचा इलाज यंत्र दुरुस्त करणे, दुसऱ्याचा इलाज पुन्हा शंभर वेळा करणे.

२०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा हे शिक्षण किती उपयोगी पडले ते आपण पाहिले. ३० जानेवारीला देशातल्या पहिल्या रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोगशाळा उघडल्या. त्या तपासणीत एकेका नळीत सारे मिळून वीस-पंचवीस मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे जेमतेम अर्धा थेंब; त्यात रुग्णाच्या नमुन्याचा भाग पाच मायक्रोलिटरांच्या आसपास. हजारो तरुण मुलेमुली प्लास्टिकच्या पोशाखात घामाघूम होऊन दिवसाला शेकडो वेळा तो अंगठा दाबीत आणि सोडीत होती. दर वेळी नवे टोक. हे काम तोंडाने करायचे असते तर काय झाले असते, त्याचा विचारही नको वाटतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक करून पाहण्यासारखे सांगतो. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. औषधाच्या दुकानातून बिनसुईची एक मिलिलिटरची नवी पिचकारी आणि एक साधा ड्रॉपर आणा. ड्रॉपर उभा धरून थेंब मोजत पिचकारीच्या उघड्या नळीत एक मिलिलिटर भरा. खालचे तोंड बोटाने दाबून धरा म्हणजे झाले. किती थेंब लागले ते फळ्यावर लिहा. मग ड्रॉपर आडवा करून मोजा. मग पाण्यात चिमूटभर साबण विरघळवून मोजा. या वेळी थेंब जास्त लागतील, कारण साबणाने पाण्याची पकड ढिली होते आणि थेंब लहानपणीच सुटतो. प्रत्येक मुलाला स्वतः मोजू द्या, आणि सगळ्यांचे आकडे एकाखाली एक लिहा. दोन मुलांचे आकडे जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत, यावर वर्गात जी वादावादी सुरू होईल, ती तास संपला तरी थांबवू नका.